गवताखालची ताडपत्री

प्रिय धाकटे,

तुझं पाकीट मिळालं. जाड होतं, म्हणून वाटलं आत पत्र असेल. हात पुसून, बसून उघडलं. निघाली तुझ्या पुढच्या शिबिराची जाहिरात. गुळगुळीत कागद, हिरवी किनार आणि मधोमध बाबांचे हात. चेहरा अर्धाच आलाय, पण हात पुरते आलेत, जोडलेले, भेगाळलेले. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, माती माफ करते. मी तो कागद चादरींच्या घडीखाली ठेवलाय. बाबांना दाखवला नाही आणि दाखवणारही नाही. फोनवर तू विचारलंस, बाबांना पुन्हा आणता येईल का, लोक फार विचारतात त्यांच्याबद्दल. मी तेव्हा बघू म्हटलं. बघितलं. त्याचंच हे उत्तर आहे.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करते. बाबा तुला पोपट म्हणायचे ते उगाच नाही. आणि मी बोलायला लागले की भांडायलाच लागते, भांडणात तू रडतेस, मग चूक कुणाचीही असो, वाईट मी ठरते. कागदाला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून लिहिते. अक्षर लावून वाच. शाळेत बाई म्हणायच्या, हिच्या डोक्यात काही शिरत नाही. शिरायचं सगळं, पण बाईच फार वेळ लावायच्या.

इकडे तुझ्या भावजींचा गुडघा तसाच आहे, जेवणावर काही परिणाम नाही. न्हाणीघराचं दार त्यांनी शेवटी स्वतः बसवलं. आधी ते लागायचं पण उघडायचं नाही, आता उघडतं पण लागत नाही. आपण आत आहोत हे कळावं म्हणून सगळे खाकरत बसतो. बाबांची खाट मी पुढच्या खोलीत खिडकीशी आणली आहे. तिथून माळ दिसतो. त्यांचं सगळं शेवटी लिहिते. आधी तुला काही आठवतं का ते बघायचंय.

ओढा आठवतो? कारखान्यात आज कापडाला कुठला रंग चढवलाय ते आपल्याला ओढा सांगायचा. लाल आला की तू म्हणायचीस, आज ओढ्याचं नाक फुटलं. निळा आला की पोरं कागदाच्या होड्या सोडायची, त्या बुडताना तळापासून निळ्या होत जायच्या. आपल्याला ती गंमत वाटायची. आई तेवढी कपडे धुवायला लांबच्या नळावर जायची, आणि का ते आपण कधी विचारलं नाही.

बाबा कारखान्यात आधी गाळगाडीवर नव्हते. सुकवणीच्या दालनात होते. तिथे ऊब असायची, कापडाचा वास चांगला यायचा, काम हलकं होतं आणि बाकीचे कामगार त्यांचा हेवा करायचे. मग तुला त्या लांबच्या शाळेत घालायचं ठरलं, बससकट. गाळगाडीवर जादा पैसे मिळायचे, कारण तिच्यावर कुणी जायला तयार नसायचं. बाबा गेले. टाक्यांच्या तळाशी साचलेला रंगाचा चिखल फावड्यानं भरायचा, गाडी ढकलत मागच्या खोलगट जागेपर्यंत न्यायची, ओतायची आणि परत यायचं. तू शाळा संपवून पुढे शिकायला गेलीस तरी ते गाडीवरच होते, कारण पुढचं शिक्षणही लांबच होतं. हे तुला ठाऊक नाही असं मी म्हणत नाही. ठाऊक आहे, पण वापरात नाही, माझ्या त्या चांगल्या पातेल्यासारखं.

घरी आले की ते साबण आणि लाकडाचा भुसा घेऊन हात घासायचे. रंग जायचा नाहीच. तू धावत यायचीस, तेव्हा ते दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, चढ. तू माकडासारखी त्यांच्या गुडघ्यावरून, पट्ट्याला धरून खांद्यापर्यंत चढायचीस. तुला वाटायचं हा खेळ आहे. तुझ्या कपड्यांना रंग लागू नये म्हणून ते हात मागे ठेवायचे. मला हे मोठी झाल्यावर कळलं, कारण तुझे कपडे मी धुवायचे.

मग कारखाना बंद पडला. मालक आपलं सगळं आवरून गेला, खोलगट जागा तशीच राहिली. ओढ्याला कितीतरी वर्षं वास होता. पुढे माणसं आली, यंत्रं आली, आणि त्यांनी काय केलं ते तू कुंपणावरच्या पाटीवर वाचलंयस. तो सगळा चिखल जागच्या जागी सपाट केला, त्यावर जाड काळं प्लास्टिक अंथरलं, वर बाहेरून आणलेली चांगली माती टाकली आणि गवत लावलं. आम्ही त्या प्लास्टिकला ताडपत्रीच म्हणतो. आज ज्याला तू माळ म्हणतेस, माणसं ज्याच्यावर पाठ टेकून डोळे मिटतात, ते हे गवत आहे. खाली बाबांनी ओतलेलं सगळं तसंच आहे. पाटीवर लिहिलंय की इथे निसर्गानं जखम भरून काढली. अगं, भरून कुठे काढली. पट्टी बांधली आहे, आणि ती पट्टी सुटू नये म्हणून आम्ही बाया रोज तिथे राबतो.

माझं काम तुला फारसं माहीत नाही, म्हणून सांगते. माळावर गवत चालतं, रानफुलं चालतात, ज्यांची मुळं पसरट ती झुडपं चालतात. ज्याचं मूळ सरळ खाली जातं असं काहीही उगवलं की उपटायचं, कारण ते मूळ ताडपत्री फोडणार. खुरपं वापरायचं नाही, तेही खाली लागेल. पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी ओल असते तोवर आम्ही ओळीनं वाकून चालतो, रोप बोटात धरून हलकेच ओढून बघतो. आडवं मूळ असलं तर माती थरथरते. उभं असलं तर रोप अडून बसतं, बापाचं बोट धरलेल्या पोरासारखं. मग ते काढायचं. पक्ष्यांच्या विष्ठेतून बिया येत राहतात, वाऱ्यानं येतात, आणि त्यातली जी सगळ्यांत चिवट तीच आम्हाला मारायची असते. तुझी शिबिरातली माणसं मला बघून म्हणतात, किती सुंदर काम, सतत मातीच्या सहवासात. मी म्हणते, हो ना, कंबरेलाही फार आवडतं.

खोटं कशाला बोलू, मला तो माळ आवडतो. टिटव्या आल्यात. नुसत्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात, घरटं म्हणून चार खडे, आणि आपण जवळ गेलो की अशा ओरडतात जणू आपणच येऊन त्यांचं नुकसान केलं. आमची मुकादमीण कडक आहे, पण टिटवीच्या अंड्यांभोवतीचं तण ती बघूनही बघत नाही. तेव्हा तू म्हणतेस की हिरवं बघून माणसाला बरं वाटतं, ते मला मान्य आहे. बरं वाटतं. बरं वाटणं आणि बरं होणं यात किती अंतर आहे, ते खाटेशी बसणाऱ्या माणसाला विचार.

आता माळावरच्या तुझ्या मागच्या शिबिराचं. मी त्या दिवशी कुंपणाशी होते, कामाच्या कपड्यांत, म्हणून आत बसले नाही. सगळं ऐकलं मात्र, तुझा तो भोंगा जोरात होता. माणसं अनवाणी गोल करून बसली होती. तू म्हणालीस, माणूस मातीपासून तुटला म्हणून आजारी पडला, आता आपण सगळ्यांनी मिळून तिची माफी मागायची, म्हणजे ती आपल्याला बरं करेल. मग एकेकानं मूठभर माती हातात घेऊन आपली चूक सांगितली. एक बाई म्हणाली, मी फार पिशव्या वापरते. एक गृहस्थ विमानानं फिरतात म्हणून रडले, आणि परत जाताना त्यांची गाडी सुरूच ठेवून ड्रायव्हर उभा होता. चष्मेवाले एक म्हणाले, पृथ्वीला माणसाची गरजच नाही. असेल. बाबांना आहे, म्हणून मला त्या दिवशी लवकर घरी जायचं होतं.

आणि मग तू बाबांना मध्ये खुर्चीवर बसवलंस. धाकटे, तुला एक गोष्ट माहीत नाही. बाबांना वाटलं होतं, सत्कार आहे. तू फोनवर म्हणालीस ना, बाबा, लोकांना तुम्हाला भेटायचंय, तुमच्या कामाबद्दल ऐकायचंय. त्यांनी आदल्या दिवसापासून शर्ट इस्त्री करून खुर्चीला टांगून ठेवला होता. दाढी केली, मग हात फिरवून बघितला आणि पुन्हा केली. मला म्हणाले, कारखान्यातली एकही पाळी चुकवली नाही हे सांगू का, की ते बढाई मारल्यासारखं होईल. मी म्हटलं, सांगा, तेवढं तरी सांगा. जाताना गळ्यापर्यंत बटणं लावून घेतली. आणि तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून भोंग्यात म्हणालीस, हे माझे वडील, यांनी आयुष्यभर याच जमिनीत विष ओतलं.

ते तुझ्याकडे बघत होते. तू लोकांकडे बघत होतीस, म्हणून तुला त्यांचा चेहरा दिसला नाही. मला दिसला. आधी त्यांना वाटलं, पुढे काहीतरी चांगलं येईल. मग ते येत नाही असं कळल्यावर त्यांनी सवयीनं हात जोडले आणि म्हणाले, चुकलं. तेवढंच. तुझी माणसं रडली. एक गोरटेली बाई पांढऱ्या कपड्यांत उठून आली आणि त्यांना मिठी मारली, तेव्हा बाबांनी काय केलं ते आठवतं का? दोन्ही हात पाठीमागे धरले. तिच्या कपड्यांना रंग लागेल म्हणून. कारखाना बंद होऊन जमाना झाला, आणि त्यांचे हात अजून ओलेच आहेत.

मी तुला मोठी बहीण म्हणून विचारते, आपण सगळ्यांनी म्हणजे कुणी? तुझ्या बोलण्यात सारखं येतं, माणसानं निसर्गाला ओरबाडलं, माणसानं जखमी केलं. कुठल्या माणसानं? माळावर बाक आहे ना, ओढ्याकडे तोंड असलेला, त्याच्यावर पितळी पट्टीत मालकाचं नाव आहे. तो बाक मालकाच्या घरच्यांनी दिलाय. तुझी माणसं त्याच्यावर बसून लांब श्वास घेतात. ज्यानं ओतायला लावलं त्याचा बाक, आणि ज्यानं ओतलं त्याला मध्ये बसवून माफी. हा हिशोब कुठल्या पुस्तकातला ते मला नाही कळत. मी बाबांना एकदा विचारलं होतं, तुम्हाला तेव्हा कळत होतं का, त्या चिखलात काय आहे ते. ते म्हणाले, मासे उलटे झाले तेव्हा कळलं. मालकाला विचारलं. मालक म्हणाला, माती सगळं पचवते. मालक म्हणायचा माती सगळं पचवते, तू म्हणतेस माती सगळं माफ करते. दोघांपैकी कुणी मातीला विचारलेलं मी तरी पाहिलं नाही.

आणि माती आई आहे म्हणतेस. दोन पोरांची आई म्हणून तुला सांगते, आईला माफी नको असते. माझा थोरला दिवसभर उंडारून येतो आणि गळ्यात पडून चुकलं चुकलं म्हणतो, तेव्हा मला ओट्यावरची भांडी दिसत असतात. ती घासलीस तर बोल. तुझ्या शिबिरातून एक माणूस जरी पाऊस झाल्यावर आमच्या ओळीत वाकायला आला असता, तर मी म्हटलं असतं, हो, हा मातीशी काहीतरी बोलतोय.

शिबिर झाल्यावर तू लगेच गेलीस. पुढचं तुला कुणी सांगितलं नाही, कारण सांगणारी मीच आणि मी रागात होते. बाबा दाराशी डब्यात लावलेलं ते अंजीर घेऊन माळावर गेले. आईनं लावलेल्या झाडाची फांदी होती ती, ते तिला लेकरासारखं जपायचे. काठी टेकत, धापा टाकत, डबा काखेत. मालकाच्या बाकाशेजारी त्यांनी हातांनीच खड्डा केला आणि ते लावून आले. मला म्हणाले, धाकटी म्हणते तसं मातीचं काहीतरी फेडायला हवं, एक झाड तरी देतो. त्या दिवशी मी त्यांच्या नखांतली माती काढली. नुसती माती, बिनरंगाची. ती बघून ते हसले होते.

आता अंजीर म्हणजे काय, तुला सांगायला नको. भिंती फोडतं ते. मुकादमीण माझ्याकडे बघत नव्हती, आभाळाकडे बघत म्हणाली, ते बाकाशेजारचं कुणीतरी काढायला हवं. दुसऱ्या बाया तयार होत्या, पण मी म्हटलं, मी काढते. ओढून बघितलं तर अडलं होतं. इतक्यातच धरलं होतं त्यानं. काढलं, आणि अवजारांच्या खोलीमागे रंगाची जुनी बादली होती, तिच्यात लावलं. जगलंय. बाबा रोज विचारतात, पान आलं का. मी म्हणते, आलं. ते खोटं नाही. कुठे आलं ते त्यांनी विचारलेलं नाही, आणि आता ते बघायला जाऊ शकतील असं नाही.

कारण ते आता उठत नाहीत, धाकटे. फोनवर मी जरा अशक्तपणा आहे म्हटलं होतं, ते तुझी शिबिरं चालू होती म्हणून. आजार हाडांत उतरलाय. डॉक्टर म्हणाले, आजार थांबवता येणार नाही, दुखणं थांबवता येईल, आणि त्याच्या गोळ्या दिल्या. चांगल्या आहेत गोळ्या, शेजारच्या आजींना त्यांनीच झोप लागायची. पण बाबा घेत नाहीत. तोंड घट्ट मिटतात. दुधातून दिली तर थुंकतात. हातांच्या भेगांना मलम लावू देत नाहीत. कळ आली की खाटेची कड धरतात आणि खिडकीतून माळाकडे बघत राहतात. मी ओरडले, रडले, शेवटी पाया पडले. तर म्हणाले, मातीला कुणी गोळी दिली होती का? तिनं सोसलं, आता माझी पाळी. मी कधी पाळी चुकवली नाही.

मी त्यांना म्हटलं, बाबा, तुमचं काही चुकलं नाही. त्यावर म्हणाले, तुला काय कळतंय, ती शिकलेली आहे. खरंच आहे, त्यासाठीच तर गाडी ढकलली त्यांनी. माझं ते ऐकणार नाहीत. तू सांगितलंस म्हणून त्यांनी हे डोक्यावर घेतलंय, ते तुलाच उतरवावं लागेल. म्हणून हे पत्र. जाहिरात, शिबिर, तुझी माणसं, सगळं तिथेच ठेव आणि मिळेल त्या गाडीनं ये. त्यांना सांग की माफी त्यांनी मागायची नव्हती. तू त्यांच्याकडून घेतलीस ती त्यांना परत दे. कशी द्यायची ते तू बघ, बोलण्यात तू हुशार. मग गोळी तुझ्या हातानं दे, तुझ्या हातची ते घेतील. आणि खाटेच्या उजव्या बाजूला बस. डावा कान त्यांचा यंत्रांच्या आवाजानं केव्हाच गेलाय. शिबिरात तू डाव्या बाजूला उभी होतीस.

तुझीच,
थोरली